न तोडलेला दगड

श्रोते हो, नमस्कार.

मोठे शिल्प घडवायला घेण्याआधी जाणता पाथरवट दगड नुसता पाहत नाही, तो दगड वाजवून ऐकतो. हातोडीचे हलके टोले देत तो शिळेभोवती फिरतो. निरोगी दगड घंटेसारखा खणखणतो. आत कुठे चीर दडलेली असेल, तर तडकलेल्या माठासारखा बद्द आवाज येतो. आपल्या जुन्या शिल्पशास्त्राने या नादावरूनच शिळांचे पुरुष, स्त्री आणि नपुंसक असे प्रकार पाडले आणि मूर्तीला कोणती शिळा घ्यायची, मूर्तीखालच्या बैठकीला कोणती, हेही सांगून ठेवले. त्या वर्गीकरणाची भाषा आज कोणी वापरणार नाही, पण परीक्षा मात्र अजून तीच आहे. इजिप्तमध्ये आस्वानच्या खाणीत सुमारे ४२ मीटर लांबीचा आणि हजार टनांहून अधिक वजनाचा एक स्तंभ तीन बाजूंनी मोकळा केलेला, पण खडकापासून कधीच न सुटलेला असा पडून आहे. डोलेराइट नावाच्या कठीण खडकाचे गोटे आपटून आपटून ग्रॅनाइट झिजवत नेलेले ते काम, दगडात चिरा निघाल्यावर सोडून द्यावे लागले.

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ असे आपण म्हणतो. या म्हणीत घावांचा हिशेब आहे, पण जिथे घाव घातलाच नाही त्या जागेचा नाही. आणि माझ्या मते, चौकात किंवा उद्यानात उघड्यावर उभे राहणारे मोठे शिल्प टिकते ते त्या न तोडलेल्या दगडावर.

याचे कारण दगडाच्या स्वभावात आहे. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. त्याच्या माथ्यावर कितीही ओझे ठेवा, तो तक्रार करणार नाही. पण पुढे काढलेला हात किंवा बारीक घोटा यांवर वाकवणारा जोर आला की तो एकाएकी मोडतो, धातूसारखा आधी वाकून सूचना देत नाही. शिवाय आकार वाढला की वजन भलत्याच वेगाने वाढते. हातभर नमुन्याची उंची चौपट केली, तर वजन चौसष्टपट होते, आणि ते पेलणाऱ्या घोट्याची जाडी, म्हणजे त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ, मात्र सोळापटच होते. संगमरवर किंवा ग्रॅनाइटचा एक घनमीटर सुमारे २.७ टन भरतो, हे लक्षात घेतले म्हणजे मातीच्या छोट्या नमुन्यात डौलदार दिसणारी मुद्रा दगडात का उभी राहत नाही, ते कळते.

म्हणूनच इटलीचा शिल्पकार मायकेलॅन्जेलो याने घडवलेल्या ‘डेव्हिड’ या संगमरवरी मूर्तीच्या उजव्या पायामागे झाडाचा बुंधा आहे. तो बुंधा कथेला नको असेल, दगडाला हवा होता. दुसऱ्या शिल्पकाराने १४६४ मध्ये हात लावून सोडून दिलेली ती उंच, अरुंद शिळा १५०१ मध्ये मायकेलॅन्जेलोकडे आली आणि तिच्यातून ५.१७ मीटर उंचीची मूर्ती निघाली. एवढा आधार ठेवूनही एकोणिसाव्या शतकात घोट्यांजवळ बारीक तडे आढळलेच. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराची युक्ती मला अधिक लोभसवाणी वाटते. दहाव्या शतकाच्या अखेरीस डोंगरमाथ्याच्या खडकातूनच कोरून काढलेल्या त्या सुमारे ५७ फुटी मूर्तीच्या पायांशी वारुळे आहेत, अंगावर वेली चढल्या आहेत. ध्यानात किती काळ लोटला, हे वारूळ सांगते. मांड्यांपर्यंतचा भार पेलण्याचे कामही तेच वारूळ गुपचूप करते.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात होते ती पाचरांपासून. ओळीने छिद्रे पाडून त्यांत पाचरा बसवतात आणि एकेकीवर आळीपाळीने घण घालतात. पाचर आवळत जाते तसा तिचा सूर चढत जातो. मग घाई करायची नाही. थांबायचे. कधी कधी शेवटचा टोला पडून गेल्यावर काही वेळाने, कोणी हात लावलेला नसताना, शिळा सरळ रेषेत उकलते. पुढे नमुन्यावरची ठरावीक टोके मोजून शिळेवर उतरवतात आणि टोकदार टाकी, दातेरी छिन्नी, सपाट छिन्नी अशा क्रमाने आत उतरतात. संगमरवरावर टाकी तिरपी धरावी लागते, कारण सरळ उभा घाव बसला की आत कण चुरडतात आणि घासूनपुसून झाल्यावर तिथे पांढरा डाग उमटतो. ग्रॅनाइट मात्र जवळजवळ उभ्या घावांनी चुरडूनच हटवावा लागतो, आणि त्या धुळीतील गारेचे (क्वार्ट्झचे) सूक्ष्म कण फुप्फुसांत कायमचे बसतात. म्हणून पाणी आणि मुखपट्टी ही दोन अवजारे टाकीइतकीच आवश्यक आहेत.

उघड्यावरच्या शिल्पाला प्रेक्षक खालून पाहतो आणि प्रकाश वरून येतो, हे घडवणाऱ्याने आधीच गृहीत धरावे लागते. अमेरिकेत रशमोर पर्वतावर कोरलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या ६० फुटी चेहऱ्यांत बुबुळाच्या खोल खाचेत ग्रॅनाइटचा एक खुंट मुद्दाम राखलेला आहे. त्याच्या टोकावर ऊन पडते आणि दुरून डोळा जिवंत दिसतो. इथेही, पाहा, काम केले ते राखलेल्या दगडाने. पाणी साचेल अशी खोबण मात्र कुठेही राहू देऊ नये, कारण थंड मुलखात तेच पाणी गोठून फुगते आणि दगड फोडते.

राहिले ते शिल्प जागेवर नेणे. १५०४ च्या मे महिन्यात ‘डेव्हिड’ला लाकडी सांगाड्यात टांगून, वंगण लावलेल्या तुळयांवरून चाळीसहून अधिक माणसांनी ढकलत नेले, आणि जेमतेम अर्ध्या मैलाला चार दिवस लागले. आज क्रेन ते काम थोड्या वेळात करते, पण अखेरची एक अडचण उरतेच: मूर्ती चौथऱ्यावर टेकली की तिला उचलायला खालून घातलेले पट्टे अडकतात. त्यावर एक साधा उपाय आहे. चौथऱ्यावर बर्फाचे तुकडे मांडायचे, त्यांवर मूर्ती टेकवायची, पट्टे ओढून घ्यायचे आणि सगळ्यांनी बाजूला होऊन बसायचे. बर्फ वितळत जातो, चौथऱ्याच्या कडेने पाणी ठिबकत राहते, आणि इतके दिवस टाकी-हातोड्याच्या गजरात राहिलेला तो दगड काहीही आवाज न करता, केसाकेसाने, आपल्या जागी उतरतो.