चोडणचं सामायिक घर

[दृश्य: रायबंदरचा धक्का. फेरीबोटीत दुचाक्या चढताहेत.]

रायबंदरहून सुटलेली फेरीबोट काही मिनिटांत मांडवी ओलांडून चोडण बेटाला लागते. डिचोलीच्या बाजूने बेटावर यायला रस्ताही आहे. तरी पणजीला नोकरीला जाणारा चोडणकार वेळ बघतो ती बोटीची. घरात कुणाचं लग्न ठरू दे की कुणी आजारी पडू दे, पहिला प्रश्न एकच: आता बोट कितीची?

[दृश्य: माडांचं भाट, कौलारू घर, आंगणात तुळशी वृंदावन.]

या घरात राहतात थोरले काका, काकी आणि त्यांची पुतणी, असे तिघंच. वाटेकरी मात्र इतके, की घरातलेही आकडा चटकन सांगत नाहीत. आजोबांना सहा मुलं, त्यांत तीन मुली. गोव्यात १८७० पासून पोर्तुगीज नागरी संहिता लागू झाली. आज वारसाहक्काचं काम २०१२ च्या गोव्याच्या कायद्याने चालतं, पण तत्त्व जुनंच आहे. मुलगा आणि मुलगी सारखेच वारस. आईबापाला मृत्युपत्राने अर्ध्याहून जास्त मालमत्ता मनाला येईल तशी देता येत नाही. त्यामुळे लग्न होऊन फोंड्याला गेलेली आते या भाटाची, म्हणजे माडांच्या बागेची, काकांइतकीच मालकीण आहे, आणि ती आली की पाहुणी म्हणून बसत नाही. आल्या आल्या विहिरीवर जाते, मग माडांखाली पडलेले नारळ गोळा करते.

[दृश्य: स्वयंपाकघर. पेजेचा टोप.]

दहाच्या सुमाराला पेज. उकडे तांदूळ घरच्याच शेतातले, सोबत खारातली तोरं, म्हणजे मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या. काकी पेज वाढता वाढता फोनवर मुंबईच्या पुतण्याशी बोलतात: "अरे, चवथीला माटोळी बांधायला येतोसच. पण त्याआधी मे महिन्यात ये. बांधाचं बघायला काकांना माणूस नको?" माटोळी म्हणजे गणपतीच्या वर बांधायची फळांची चौकट.

[दृश्य: खाजन शेत, बांध, पलीकडे खारफुटी.]

बांधाचं काम समजल्याशिवाय हे घर समजत नाही. खाजन जमीन नदीच्या भरतीपातळीहून सखल. खारं पाणी बाहेर ठेवतो तो मातीचा बांध, आणि बांधातलं दार म्हणजे मानस. भरती चढली की पाण्याच्याच दाबाने मानसाची लाकडी दारं मिटतात. ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. पावसाने मातीतला खार धुऊन निघाला की कोरगुट पेरायचं. हे भात खारेपणा सोसतं, आणि त्याच्या लोंबीला लांब कुसळं असतात. कापणीनंतर त्याच शेतात खारं पाणी घेतात, त्याबरोबर सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि काळुंदरं हे मासे येतात.

[दृश्य: काका बांधावर उकिडवे बसलेले. बोटाने माती चाचपतात.]

हे भोक बघा. अंगठा जेमतेम जाईल एवढं. कुर्लीने, म्हणजे खेकड्याने, पोखरलंय. काका आत काडी घालतात, ती ओली बाहेर येते. एवढ्यावरून त्यांना कळतं, की पाणी पलीकडून इथवर पोचलंय. ते लगेच चिखल आणि पेंढा दाबून बसवतात आणि संध्याकाळी शेतकऱ्यांच्या संघाला कळवतात. बांध एकाच्या शेतापाशी फुटला तरी खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं. वर्षानुवर्षं न बुजवलेल्या भोकांनी किती शेतं खारफुटीला दिली, ते बेटावर फिरताना दिसतं. बेटाच्या पश्चिम टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ साली जाहीर झालेलं. तिथली खारफुटी मला मनापासून आवडते. म्हणून पिकतं शेत असं हातचं गेलेलं बघवतं असं नाही.

[दृश्य: ओसरी. भाताची पोती.]

कापणीनंतर ओसरीवर वाटप होतं. कागदावर सहा समान भाग आहेत. पण त्याआधी राबणाऱ्याचा भाग बाजूला काढतात. हे कुठे लिहिलेलं नाही, आतेने घालून दिलेला पायंडा आहे. माझ्या मते हे घर उघडं राहिलंय ते यामुळेच. सगळ्यांच्या सह्यांशिवाय जागा विकता येत नाही, या एकाच नियमामुळे गोव्यात कितीतरी घरं कुलूपबंद पडून आहेत. या भाटालाही गिऱ्हाईक आलं होतं. पाच भागांचा होकार होता. आतेने सही केली नाही. वर्षभर अबोला झाला, आणि तो मोडला चवथीला.

[दृश्य: माटोळी. सुपारीचा घड, नारळाची पेंड, आंबाडे, कवंडळं.]

गणपतीच्या वरच्या लाकडी चौकटीला प्रत्येक शाखेने आणलेलं काही ना काही बांधायचंच. त्या वर्षी आतेचा सुपारीचा घड धाकट्या काकांनी स्वतः बांधला. विक्रीचा विषय पुन्हा निघाला, पण यावेळी ती समोर बसलेली होती.

[दृश्य: पुतणी, खांद्याला ऑफिसची बॅग, मानसापाशी उभी.]

काका-काकींनंतर इथे कोण राहणार, हे आता ठरलंय. पुतणी पणजीला नोकरी करते, रोज बोटीने जाते-येते. तिने एकच अट घातली: बांधाचा खर्च सहाही जणांनी दर मे महिन्यात द्यायचा, आणि ज्याला जमत नसेल त्याने येऊन माती उचलायची. पाच जणांचे पैसे आले. मुंबईच्या पुतण्याने रजा टाकली आहे.