घरच्या घरी धार

नमस्कार श्रोतेहो.

लासलगावचा कांदा डोळ्यांत पाणी आणतो, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण यात बराचसा दोष सुरीचा असतो. बोथट पातं कांदा कापत नाही, चिरडतं. आणि जितका कांदा चिरडला जातो, तितका तो झोंबणारा वायू जास्त सुटतो. आपण पंखा लावतो, कांदा पाण्यात टाकतो, सुरीकडे मात्र बघत नाही.

सायकलवर चाक फिरवणारा धारवाला आता सोसायटीच्या गेटातून आत येणं अवघडच. आणि आला तरी जरा लक्ष ठेवा. कोरड्या चाकावर पातं निळं पडलं, तर पोलादाचं पाणी उतरलं म्हणून समजा. अशी धार टिकत नाही. पातं मधूनमधून पाण्यात बुडवणारा कारागीर भेटला, तर त्याला सोडू नका.

नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर आणा, 400 आणि 1000 नंबरचा. घरात उरलेली एखादी गुळगुळीत फरशी असतेच. तिच्यावर पाणी शिंपडून आधी 400 नंबरचा कागद दाबून बसवा. झाला तुमचा धारेचा दगड. पोलाद घासायला त्याच्याहून कठीण काहीतरी लागतं आणि या कागदावर सिलिकॉन कार्बाइडचे कण असतात. ओट्याच्या कडप्प्यावर सुरी घासणारे पुष्कळ आहेत, पण कडप्पा पडला चुनखडीचा, पोलादापेक्षा मऊ. टाकी लावलेल्या पाट्यावर तर सुरी नेऊच नका, धार दातेरी होईल.

खरी मेख कोनात आहे. पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश इतकी पाठ वर उचलून धरा; पातं तीन सेंटिमीटर रुंद असेल तर एक सेंटिमीटर. साधारण 20 अंशांचा कोन होतो. हाताला अंदाज येईपर्यंत शेजारी तेवढ्या उंचीची नाण्यांची चळत ठेवा. आणि धारेच्या कडेला मार्कर पेनानं रेघ ओढा. दोनदा घासून बघितलं की शाई कुठली गेली, कुठली राहिली, ते दिसतं. शाई वरच उडाली आणि अगदी धारेशी राहिली, तर पाठ थोडी उचला.

घासताना पाठ पुढे, धार मागून फरफटत यायला हवी. धार पुढे ढकललीत तर कागद फाटेल. एकाच बाजूनं घासत राहा. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूला अंगठा पाठीकडून धारेकडे अलगद नेऊन बघा, धारेवरून आडवा नव्हे. बारीक खरखर लागली पाहिजे. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम केलेल्यांना ही बर, म्हणजे धारेवर दुमडून आलेली धातूची बारीक कड, ओळखीची आहे. ती मुठीपासून टोकापर्यंत सलग लागेपर्यंत बाजू बदलायची नाही. घाई इथेच होते, आणि मग लोक कागदाला नावं ठेवतात. दोन्ही बाजू झाल्या की 1000 नंबरवर हलक्या हातानं तेच. शेवटी चिनी मातीच्या कपाच्या बुडाची, चकाकी नसलेली कड असते, तिच्यावर चार हात फिरवा आणि जुन्या चामडी पट्ट्यावर पातं पुसल्यासारखं ओढा. पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर सुरी नुसती टेकवून ओढा. दाब न देता साल चिरली, की झालं. मग सुरी धुऊन घ्या, लोखंडाची भुकटी भाजीत नको. दातेरी सुरीच्या वाटेला जाऊ नका.

विळीचं पातं हलवता येत नाही, म्हणून कागदच लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा. एरवी धार आपल्याकडे असते. आज पलीकडे, पात्याच्या पाठीकडून बसा. ठोकळा पाठीकडून धारेकडे, स्वतःपासून लांब न्या.

द्राक्षवाल्यांसाठी एक सांगतो, ऑक्टोबर छाटणीच्या आधी कामाला येईल. छाटणीच्या कात्रीचं कापणारं पातं एकाच बाजूनं उतरतं असतं. घासायची ती तेवढीच बाजू. सपाट बाजू फरशीवर पूर्ण टेकवून एकदाच ओढा, बर निघून जाईल. तिथे कोन दिलात तर दोन पात्यांमध्ये फट राहते आणि काडी कापण्याऐवजी चेंगरते. मग कात्री पुसून सांध्याच्या बोल्टावर तेलाचा एक थेंब सोडा.