पोळ्याच्या केकवरचे बैल

नमस्कार मंडळी. घरी केक करून विकणाऱ्या बाया आता लातूर-परभणीतच काय, तालुक्याच्या गावातपण झाल्यात, आणि सगळ्या एकच विचारतात, ताई, फाँडंट घेऊ का गम पेस्ट? तर आधी एवढं ऐकून ठेवा, दोन्ही साखरेचे कणकेसारखे मळलेले गोळेच, पण फाँडंट केकवर पांघरायला, गम पेस्ट उभ्या राहणाऱ्या वस्तूंना.

आमच्या परभणीतल्या एका वहिनींचा किस्सा सांगते. पुतण्याचा वाढदिवस नेमका पोळ्याला आला आणि लेकरानं हट्ट धरला, केकवर बैलजोडीच पाहिजे. वहिनींनी नुसत्या फाँडंटचे बैल केले, शिंगं, झूल, घुंगरमाळ, इतके देखणे की गल्लीतल्या बाया बघायला आल्या. रात्री फ्रीजमध्ये ठेवले. सकाळी बाहेर काढले तर बैलांना घामच फुटला, पावसाळी दमट हवा आणि साखर ओल धरणारच ना, अंग चिकट झालं, संध्याकाळपर्यंत पाय वाकून दोघंही खाली बसले, एकाचं शिंग गळून झुलीवर. लेकरू भोकाड पसरलेलं, वहिनी रडायच्या बेतात, तेवढ्यात आजोबा काठी टेकत आले, केककडे बघितलं आन म्हणले, "पोळ्याला बैलाला कामाला लावत नसतेत, बसू दे की त्यांला!" मग काय, खोबऱ्याचा कीस हिरवा रंगवून पुढ्यात वैरण टाकली आणि तसाच केक कापला.

तर फाँडंटमध्ये ग्लिसरीन असतं, ते मऊच राहतं. गम पेस्टमध्ये टायलोज, म्हणजे सीएमसी नावाची डिंकासारखी पावडर असते, म्हणून ती वाळून कडक होते, पातळ पाकळ्या, शिंगं तिच्यातच करा. नाही मिळाली तर पाव किलो फाँडंटला छोटा चमचाभर सीएमसी मळा, एक-दोन दिवस आधी वस्तू करून उघड्यावर वाळवा. फ्रीजमध्ये नाही, परत सांगते, फ्रीजमध्ये नाही.

तिसरं मार्झिपान, ते बदामाची पूड आणि साखर मळून केलेलं, चवीला सगळ्यात भारी, पण बदामाचा भाव बघून गिऱ्हाईकच पळतं. आणि फाँडंटच्या खाली व्हिप क्रीम नको, आपल्याकडं मे महिन्यात 42 डिग्री असते बाई, गनाश, म्हणजे चॉकलेट-क्रीमचं घट्ट मिश्रण, लावा.

हां, फाँडंटच्या डब्यावर जिलेटिन लिहिलंय का तेवढं वाचा, ते जनावराचं असतं, माळकऱ्याच्या घरची ऑर्डर असली तर बिनजिलेटिनचंच आणा.