फेलिसिसिमसचा नवस

(दृश्य: विटांच्या भिंती, मोकळा रस्ता)

टायबर नदी समुद्राला मिळते तिथलं हे ऑस्तिया. रोमचं जुनं बंदर. इजिप्त, आफ्रिकेचं धान्य इथे उतरायचं, कोठारांत भरायचं आणि नावांतून रोमला जायचं. वस्ती हमालांची, नावाड्यांची, दुकानदारांची, गुलामीतून सुटलेल्यांची. एवढ्याशा गावात मिथ्रास देवाची किमान 17 ठाणी सापडली आहेत.

(दृश्य: स्नानगृहाखालचं भुयार, झरोक्यातून उजेड)

हा मिथ्रास. बैलावर गुडघा रोवलाय, नजर मात्र वर. अथेन्सच्या क्रितोनने घडवला, तसं मूर्तीवर कोरलंय. इथे आहे ती प्रतिकृती, मूळ संगमरवर संग्रहालयात.

नाव ओळखीचं वाटतं ना? आपल्या मित्रावरुणांतला मित्र, इराणचा मिथ्र, नाव एकाच घरचं. पण बैल मारणारा मित्र ना वेदांत भेटतो, ना इराणच्या शिल्पांत. हे रूप रोमन जगातलं.

मिथ्रासचा पंथ गुप्त, दीक्षा घेतलेल्यांचाच. गुप्त पंथ म्हटलं की कॅमेरा अंधाराकडे वळतो. आमचाही वळला. खरं बघायचं ते जमिनीवर होतं.

(दृश्य: काळ्या-पांढऱ्या खड्यांची फरशी, वरून)

ही दुसरी जागा, तिसऱ्या शतकातली. 1938 ते 1942च्या मोठ्या खोदाईत गावाचा बराच भाग उघडा पडला, त्यातच हीही. दारापासून आत शिडी काढलीय. सात टप्पे, दीक्षेच्या सात पायऱ्या.

पहिला डोमकावळा. शेजारी पेला आणि बुधाची सापांची काठी. मग नवरी, म्हणजे पुरुषच, पण पदाचं नाव तसं. चौकटीचा काही भाग उडालाय, दिवा उरलाय. ग्रह शुक्र. तिसरा शिपाई, मंगळाचा: शिरस्त्राण, भाला, पाठीवरची झोळी. चौथा सिंह: निखारे ओढायचं फावडं, खुळखुळा आणि गुरूची वीज. पाचवा इराणी: चंद्रकोर, चांदणी. सहावा सूर्याचा धावक: मशाल, किरणांचा मुकुट, घोडे हाकायचा चाबूक. सर्वांत वर पिता: टोपी, काठी, विळा. विळा शनीचा.

बुध, शुक्र, मंगळ, गुरू, चंद्र, रवी, शनी. आपल्या आठवड्याचे सातही वार या फरशीवर आहेत, क्रम तेवढा वेगळा.

(दृश्य: शेवटची चौकट, जवळून)

पित्याच्याही पलीकडे एक कलश. आणि तीन शब्द, एक अक्षर. फेलिसिसिमस, एक्स वोतो, एफ. फेलिसिसिमसने नवसाप्रमाणे केलं. नावाचा अर्थ ‘फार भाग्यवान’. अशी नावं गुलामांची नि मुक्त झालेल्यांची असायची. नवस कशाचा, ते लिहिलेलं नाही. एवढी फरशी घालायची म्हणजे खर्च आलाच, आणि तो त्याने केला.

(दृश्य: दुसऱ्या ठाण्यातले दोन्ही बाजूंचे ओटे)

या ओट्यांवर आडवं होऊन एकत्र जेवायचं. कोंबड्यांची हाडं अशा कितीतरी ठाण्यांत निघाली आहेत. बायकांना दीक्षा दिल्याचा पुरावा नाही.

पुढे ख्रिस्ती सम्राटांच्या कायद्यांनी जुनी देवळं बंद झाली, बंदर गाळाने भरलं, गाव उठलं.

(दृश्य: पावसाचं पाणी फरशीवर साचतंय, खालून कावळा दिसतोय. निवेदन नाही.)