मचाणावरची बैठक: चार तास न हलता बसायचं असेल तर

नमस्कार मंडळी. आज मचाणाबद्दल बोलायचंय, म्हणजे शिकारी झाडावर चढून सावजाची वाट बघत बसतो ना, त्या जागेबद्दल. शिकारीला रीतसर परवाना मिळतो तिथे लोक अशा सीटवर एका बैठकीला तीन-तीन चार-चार तास काढतात, आणि जे फक्त कॅमेरा घेऊन बसतात किंवा प्राण्यांची मोजणी करतात त्यांनाही हेच सगळं लागू आहे, त्यामुळे कुणी रेडिओ बंद करू नका.

मी अशा सीट बनवतो. पाइप कापणं, वेल्डिंग, पट्टे शिवणं, सगळं स्वतः करतो, आणि इतकी वर्षं हे काम करून माझं एक ठाम मत झालंय की लोक सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करतात. पहिला प्रश्न असतो किती उंच चढता येईल, दुसरा वजन किती कमी होईल, आणि माणूस त्यावर बसणार कसा हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, तोपर्यंत फ्रेम वेल्ड होऊन रंग पण लागलेला असतो. खरं तर उंची १५ ते २० फूट असली की बहुतेक कामं होतात, वास जरा वरून निघून जातो, नजर झुडपांच्या वर राहते, बस. त्याच्याही वर गेलात तर सावज खालून अगदी उभ्या कोनात दिसतं आणि नेम धरायला उलट अवघड जातं.

आता बसणं म्हणजे काय ते नीट बघूया, कारण सगळी गोम इथेच आहे. आपण बसतो तेव्हा कुल्ल्यांखालच्या दोन हाडांवर बहुतेक भार येतो. सीट फार खाली असली की गुडघे कमरेच्या वर जातात, मग कंबर मागे वाकते, पाठीचा बाक जातो आणि तासाभरात माणूस चुळबुळ करायला लागतो. फार उंच असली तर पाय लोंबकळतात, सीटची पुढची कड मांडीच्या खालच्या बाजूला रुतते आणि पायाला मुंग्या येतात. आणि मुंग्या आलेल्या पायाने १५ फुटांवर उभं राहायचं म्हणजे काय होतं ते सांगायला नको! साधारण माणसाला पायाच्या फळीपासून ४० ते ४५ सेंटीमीटर उंचीची सीट बरी पडते, पण जाड तळव्याचे बूट घातले की २-३ सेंटीमीटर वाढतात, म्हणून मी बूट घालूनच माप घेतो आणि सीटची उंची मागेपुढे करायला ३-४ भोकं ठेवतोच. खोलीचं पण तसंच, गुडघ्याच्या मागच्या खळगीत आणि सीटच्या कडेत दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे.

जाळीची सीट हल्ली सगळ्यांना आवडते, झोळीसारखी अंगाप्रमाणे बसते, पाणी साठत नाही, हलकी असते, मलाही आवडते. पण तिच्यात एक खोट आहे, जाळी खाली झोल धरते तसा पुढचा पाइप वर राहतो आणि तो नेमका मांडीत रुततो. म्हणजे बसायला झोळी आणि कापायला दांडा, असं होतं. त्याला उपाय सोपा आहे, पुढचा पाइप मधोमध खाली वाकवून घ्यायचा, धनुष्य उलटं धरल्यासारखा, म्हणजे मांड्या त्या खोलगट भागात बसतात. एवढा एक बाक दिला की माणूस तासभर जास्त बसतो, मी स्वतः बसून बघितलंय. फोम वापरायचा असेल तर बंद छिद्रांचा घ्या, म्हणजे पाणी पिणार नाही, उघड्या छिद्रांचा मऊ फोम दुकानात दाबून बघायला फार छान वाटतो पण पावसात स्पंज होतो आणि थंडीत त्याच ओल्या स्पंजवर बसावं लागतं.

सीटला मागच्या बाजूला थोडा उतार द्या, ४-५ अंश पुरे. यामागे माझं एक कारण आहे. पहाटे उठून आलेला माणूस डुलकी घेतोच, आपण कितीही नाही म्हटलं तरी, आणि डुलकी लागली की डोकं पुढे जातं. उतार मागे असला तर अंग खोडाकडे टेकलेलं राहतं. जास्त उतार मात्र नको, उठताना जोर लावावा लागतो, आणि जोर लावून उठलं की फ्रेम करकरते.

आवाजाचं आलंच आहे तर बोलून टाकतो. धातूवर धातू घासला की जंगलात तो आवाज लांबवर जातो, आणि सावज पळतं ते बहुतेक वेळा अशाच टणकन आवाजाने. जिथे सांधा हलतो तिथे नायलॉनचं वॉशर, जिथे दोन पाइप एकमेकांना टेकतात तिथे रबराची पट्टी, आणि घडीची सीट असेल तर ती खोडाला जिथे लागते तिथे जाड कापड. रॅचेट पट्टा, म्हणजे दांडा हलवून एकेक दात पुढे सरकवत आवळायचा पट्टा, ताणताना टकटक होतंच, म्हणून ते काम आदल्या दिवशी उरकून ठेवावं.

आता धातू. सगळे ॲल्युमिनियम मागतात कारण ते लोखंडाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढ्या वजनाचं, आणि पाठीवर टाकून दोन-तीन किलोमीटर चालायचं असेल तर हा फरक खांद्याला कळतो. पण ते ताठपणातही लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच असतं, म्हणजे त्याच मापाचा पाइप घेतलात तर तिप्पट लवणार, म्हणून पाइप मोठ्या व्यासाचा घ्यावा लागतो. शिवाय वेल्ड केलं की त्या जागेच्या आसपास ॲल्युमिनियम बरंच कमकुवत होतं, लोखंडाला एवढा फरक पडत नाही. म्हणून घरी वेल्डिंग करणाऱ्यांना मी सांगतो की ॲल्युमिनियमच्या वाटेला जाऊ नका, दोन किलो जास्त वाहा पण लोखंडाचीच करा. आणखी एक, ॲल्युमिनियम उष्णता लोखंडाच्या तीन-चार पट वेगाने ओढून घेतं, थंडीत उघड्या पाइपवर मांडी टेकली की लगेच कळतं.

सीट झाडाला कशी टिकते हे समजून घेतलंत ना, तर तुम्ही स्वतःहून निम्म्या चुका टाळाल. बसणाऱ्याचं वजन खोडापासून पुढे असतं, त्यामुळे सीट वरच्या बाजूने खोडापासून सुटू बघते आणि खालच्या बाजूने खोडात घुसू बघते. वरचा पट्टा तिला ओढून धरतो, खालचे दाते सालीत रुततात. समजा माणूस कपड्यांसकट ९० किलो, तो खोडापासून ५० सेंटीमीटर पुढे बसलाय आणि पट्टा ते खालचे दाते यात ६० सेंटीमीटर अंतर आहे, तर पट्ट्यावर ७५ किलोचा ताण येतो. तोच माणूस उठून फळीच्या टोकाकडे सरकला, ७५ सेंटीमीटरवर, की ताण ११२ किलोच्या वर. आणि एकदम धपकन बसला तर साधारण दुप्पट. कंपन्या कितीतरी सीटवर ३०० पौंड म्हणजे १३६ किलोची मर्यादा लिहितात, लोकांना वाटतं आपण ९० किलो म्हणजे भरपूर सुटलो, पण त्या ९० मध्ये बूट, जॅकेट, पाठपिशवी, हत्यार धरलेलं नसतं. म्हणून फळी उगाच मोठी करू नका. मोठी फळी ऐसपैस वाटते खरी, पण माणूस टोकाला जाऊन उभा राहतो. मी फळी बेताची ठेवतो आणि वरचा पट्टा ते खालचे दाते यातलं अंतर वाढवतो, ताण आपोआप उतरतो.

पट्टे पॉलिएस्टरचे घ्या. नायलॉन ओलं झालं की ताणतं आणि थोडं कमजोरही पडतं, उन्हात पॉलिएस्टरपेक्षा लवकर खराब होतं. कुठलाही पट्टा वर्षभर झाडावर ठेवायचा नाही, ऊन त्याला खातं आणि खारी पण कुरतडतात. आणि झाड वाढतं मंडळी, हे लोक विसरतात! खोडाचा घेर वाढला की घट्ट बांधलेला पट्टा किंवा साखळी सालीत रुतते, झाडाचा अन्नरस तिथूनच वाहतो, तो अडतो, आणि पट्टा आतून इतका ताणला जातो की पुढच्या हंगामात कधी तुटेल सांगता येत नाही. ज्या झाडाने तुम्हाला वर धरलं त्याचा गळा आवळून जाऊ नका, हंगाम संपला की सोडवून घरी आणा.

चढत जाणारी सीट असते, दोन भागांची, एक भाग खोडाला अडकवून दुसरा वर सरकवायचा, तिच्याबद्दल एकच सांगतो. खोड वर वर बारीक होत जातं, त्यामुळे खाली सीट एकदम सपाट लावलीत तर वर पोचेपर्यंत ती पुढे झुकते. खाली लावतानाच पुढचं टोक थोडं वर ठेवा. आणि दोन्ही भाग दोरीने एकमेकांना बांधलेले पाहिजेत, नाहीतर पायाखालचा भाग निसटून खाली गेला की माणूस वरच्या भागाला लटकतो.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. लोक सीटवर बसलेले असताना त्यामानाने कमी पडतात. जास्त पडतात ते चढता-उतरताना, आणि शिडीवरून सीटवर पाय टाकायच्या त्या एका पावलात. एक हात सुटलेला, एक पाय हवेत, अंग वळलेलं. ५ मीटरवरून पडायला साधारण १ सेकंद लागतो आणि जमिनीला लागताना वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे सावरायला वेळच नाही. आणि सीट बनवणारे बहुतेक जण या पावलाचा विचारच करत नाहीत! शिडी सीटच्या बरोबरीने संपते, मग वर धरायला काहीच नसतं, माणूस सीटच्याच कडेला पकडून स्वतःला वर ओढतो. मी शिडी सीटच्या निदान ३ फूट वर नेतो आणि बाजूने नेतो, म्हणजे सीटवर वरून उतरल्यासारखं पाऊल टाकता येतं, हात कायम काहीतरी धरून राहतात. या एका बदलावर मी बाकी सगळ्या सुधारणा ओवाळून टाकेन.

आणि जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत अंगाला पूर्ण हार्नेस, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्यांभोवती बांधायचे पट्टे, दोरीला जोडलेला. नुसता कमरेचा पट्टा नको, पडलात तर तो छातीवर सरकतो आणि श्वास कोंडतो. झाडावर वरपासून खालपर्यंत एक दोरी सोडायची आणि तिच्यावर प्रुसिक गाठ, जी सैल असताना सरकते आणि ताण आला की आवळते, कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने ही गाठ १९३१ मध्ये मांडली आणि आजही तिच्याहून सोपं काही सापडलेलं नाही. सीटवर बसल्यावर हार्नेसची दोरी डोक्याच्या वर बांधा आणि बसलेल्या स्थितीत ती जवळजवळ ताठ असू द्या, ढिली ठेवली तर तेवढं अंतर तुम्ही आधी पडणार आणि मग झटका बसणार.

मी एकदा लटकलोय. माझ्याच हाताने शिवलेल्या पट्ट्याची शिवण सुटली, सीट खाली गेली आणि मी हार्नेसवर. लागलं काहीच नाही, पण मांड्यांचे पट्टे आवळले गेले, पाय जड झाले आणि थोड्याच वेळात डोळ्यापुढे काळं यायला लागलं. न हलता लटकलं की रक्त पायात साठतं, मेंदूकडे कमी जातं, काही मिनिटांत माणूस बेशुद्ध पडू शकतो. नशिबाने खिशात एक दोरीचा फास होता, त्यात पाय घालून उभं राहता आलं. त्या दिवसापासून मी बनवलेल्या प्रत्येक सीटसोबत तसा फास देतो, हार्नेसलाच शिवलेला, कारण खिशातला शोधायला त्यावेळी हात चालत नाहीत.

बंदूक किंवा धनुष्य घेऊन चढू नका, बंदूक रिकामी करून दोरीने मागून वर ओढा, नळी खाली करून. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी करत नाहीत, कारण दोरी बांधायला सीटवर जागा नसते, म्हणून मी सीटच्या बाजूला एक आकडा लावून देतो, दोरी त्यालाच कायम बांधलेली. हाताशी असलं की माणूस करतो.

आता तुमच्यापैकी कुणी स्वतः बनवणार असेल त्याला माझं सांगणं आहे, पहिले आठ दिवस ती सीट वर नेऊच नका. जमिनीपासून फूटभर उंचीवर बांधा, पूर्ण कपडे, बूट, हार्नेस घाला, आणि संध्याकाळी तीन तास बसा. मोबाईल नको, पुस्तक नको. पहिल्यांदा कधी हललात, अंगाचा कुठला भाग दुखला म्हणून हललात आणि हलताना कुठून आवाज आला, ते उतरल्यावर एका कागदावर लिहा. मग स्पॅनर घेऊन तेवढीच एक गोष्ट बदला, आणि दुसऱ्या संध्याकाळी परत बसा.