सोलरवर लिथियम सेल चार्ज करताय? आधी तो १.२ के रेझिस्टर बदला

नमस्कार मंडळी. "सहा व्होल्टचं पॅनल लावलं, टीपी४०५६ (लिथियम सेल चार्ज करणाऱ्या चिपचं छोटं मॉड्यूल) लावला, तरी मॉड्यूलचे दिवे लुकलुकतात" हा प्रश्न तुम्ही सतत विचारताय, म्हणून आज तेवढ्यावरच बोलू.

जोडणी सोपी आहे. पॅनलच्या दोन वायरी इन प्लस आणि इन मायनसला, १८६५० सेल (जाड, गोल लिथियम सेल) बी प्लस आणि बी मायनसला, दिवा किंवा जे काही चालवायचंय ते आउटला. मॉड्यूल प्रोटेक्शनवालं, म्हणजे सेल पार रिकामा होण्याआधी लोड तोडणारं, सहा टर्मिनलचं घ्या. चार टर्मिनलवालं सेल पार रिकामा होईपर्यंत लोडला वीज देत राहतं.

आता मुख्य मुद्दा. हे मॉड्यूल येतं तेव्हा त्यावर १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो, वर १२२ छापलेलं असतं. चार्जिंगचा करंट हा रेझिस्टर ठरवतो, आणि १.२ के असला की चिप १ अँपिअर मागते. तुमचं १ वॉटचं पॅनल भर दुपारी देतं जेमतेम १६० मिलिअँपिअर. बोअरला पाणी कमी आणि मोटर मोठी, तसं होतं. मोटर पाणी ओढते, बोअर आटतो, मोटर बंद; पाणी साठलं की पुन्हा सुरू. इथे पॅनलचा व्होल्टेज सेलच्या व्होल्टेजपर्यंत खाली येतो, चिप थांबते, व्होल्टेज वर जातो, चिप परत चालू. दिवे लुकलुकतात ते यामुळे.

"पण मल्टिमीटर तर ७ व्होल्ट दाखवतो!" ही कमेंट प्रत्येक व्हिडिओखाली असते. अहो, तो बिनलोडचा व्होल्टेज आहे. संध्याकाळच्या मंद उजेडातही पॅनल बिनलोड ६ व्होल्ट दाखवू शकतं आणि करंट मात्र नावालाच असतो. मोजायचा तो करंट. मीटर १० अँपिअरच्या रेंजवर, लाल प्रोब त्याच्या खाचेत, पॅनल दुपारी उन्हाकडे सरळ तोंड करून, दोन्ही प्रोब पॅनलच्या वायरींना. पॅनल असं शॉर्ट केल्याने बिघडत नाही. पण मोजून झालं की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या खाचेत परत लावा. तसाच सेलला लावलात तर सेल थेट शॉर्ट होईल, आणि लिथियमचा शॉर्ट म्हणजे आग.

समजा १६० मिलिअँपिअर आले. त्याचे ८५ टक्के धरा, १३६. या चिपचा हिशेब असा: १२०० भागिले मिलिअँपिअर म्हणजे किलोओहम. म्हणून १२०० भागिले १३६ म्हणजे साधारण ८.८ किलोओहम. बाजारात मिळणारा त्याच्या वरचा रेझिस्टर १० के, तोच घ्या. जुना काढा आणि नवा चिपच्या २ आणि ३ नंबरच्या पायांमध्ये सोल्डर करा. जुना न काढता वर नवा लावू नका. दोन्ही समांतर होतात आणि करंट कमी व्हायच्या ऐवजी वाढतो.

बरोबर बसलं का, हे असं तपासा: सेल अर्धा रिकामा, ऊन कडक, मीटर इन प्लस-मायनसवर. आकडा ५ व्होल्टच्या वर स्थिर हवा. ४ आणि ५ मध्ये हेलकावे खात असेल तर रेझिस्टर अजून लहान आहे. ढग आले की थोडं लुकलुकणारच. इनपुटला ४७० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा कपॅसिटर लावला तर ते कमी होतं.

वेळेचा हिशेबही आत्ताच करून ठेवा. १० के लावला की १२० मिलिअँपिअर मिळतात; त्याने २६०० एमएएचचा सेल भरायला २२ तास ऊन लागतं, म्हणजे चार-पाच दिवस. घाई असेल तर पॅनल मोठं घ्या, रेझिस्टर लहान करू नका.

"डायोड कुठे लावू?" कुठेच नको. रात्री सेलमधून पॅनलकडे करंट जाऊ नये ही सोय चिपमध्येच आहे. "नऊ व्होल्टचं पॅनल चालेल?" नाही. चिपची मर्यादा ८ व्होल्ट आहे आणि ते पॅनल बिनलोड १० च्या वर जातं. त्यासाठी सीएन३७९१ या दुसऱ्या चार्जिंग चिपचं ९ व्होल्टवालं मॉड्यूल घ्या.

आणि सेल पॅनलच्या पाठीला चिकटवणं कृपा करून थांबवा. मे महिन्यात पत्र्यावरच्या पॅनलची पाठ ६० अंशांच्या पुढे जाते, सेल ४५ च्या वर चार्ज करायचा नसतो. दोन मीटर वायर ओढा आणि सेल सावलीत ठेवा.