तारीख ठाऊक असलेली डोकेदुखी

(दृश्य : नागपूरच्या महाल भागातलं औषधांचं दुकान, संध्याकाळची गर्दी. कात्री अगदी जवळून.)

काउंटरवरच्या या कात्रीला दिवसभर उसंत नाही. दहा गोळ्यांच्या स्ट्रिपमधल्या दोन कापायच्या, कागदी पुडीत टाकायच्या, पैसे गल्ल्यात, पुढचं गिऱ्हाईक.

कापलेला तुकडा नीट बघा. त्यावर औषधाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं उरलीत. गोळी किती मिलिग्रॅमची, मुदत कधी संपते, हे उरलेल्या आठ गोळ्यांबरोबर ड्रॉवरमध्ये परत गेलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, अशी बारीक इंग्रजीत छापलेली सूचना होती. तीही मधोमध कापली गेली.

मागणी ठरलेली असते. "भाऊ, डोक्याची गोळी द्या ना." पाळी आली की डोकं उठतं, असं इथे कोणी म्हणत नाही. शेजारी दोन पुरुष उभे, मागे ओळखीच्या काकू. मग डोक्याची एक गोळी मिळते, आणि पोटात दुखतं म्हटलं की पोटाची दुसरी.

(दृश्य : मानेवाड्यातलं घर. पलंगावर उपडा केलेला श्रीखंडाचा डबा.)

या ताई शाळेत शिकवतात. चेहरा दाखवू नका म्हणाल्या, म्हणून हात दिसतायत. श्रीखंड संपलं की डबा औषधांचा होतो, हे काही नागपूरपुरतं नाही. आता त्यातलं एकेक बघू.

ही पोटाची गोळी : मेफेनॅमिक ॲसिड, सोबत पेटके थांबवणारं डायसायक्लोमिन. ही डोक्याची : आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र. ही सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी आणलेली, डायक्लोफेनॅक. ताईंच्या मते ही 'जरा स्ट्राँग', म्हणून अगदीच सहन होईना तेव्हा तीही.

नावं तीन, रंग तीन, पण मेफेनॅमिक, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक ही एकाच घराण्यातली वेदनाशामकं. दोन एकत्र घेतली म्हणून दुप्पट आराम पडत नाही, जठराच्या अस्तराला मात्र दुप्पट सोसावं लागतं. ताईंना कोणी हे सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी दोन्ही दुखणी कधी एका माणसाला एका वेळी सांगितलीच नव्हती.

(दृश्य : स्वयंपाकघराच्या दाराआडचं कालनिर्णय. पानं उलटणारे हात.)

हे मात्र बघण्यासारखं आहे. दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, कामवाल्या बाईंच्या सुट्ट्या आणि संकष्टी, सगळं एकाच पानावर. त्यात पाळीच्या तारखेला लाल गोल. आमच्या सांगण्यावरून ताईंनी डोकं दुखलेल्या दिवसांवर निळी फुली मारायला सुरुवात केली. हे पान, हे मागचं, हे त्याच्याही मागचं. फुल्या महिनाभर विखुरलेल्या नाहीत, लाल गोलाला चिकटून आहेत.

पाळीच्या दोन दिवस आधीपासून पाळीच्या तिसऱ्या दिवसापर्यंत, आणि तीनपैकी निदान दोन पाळ्यांत डोकं दुखत असेल, तर डॉक्टर त्याला पाळीशी जोडलेली अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, म्हणतात. काही जणींना ती फक्त तेव्हाच होते, काहींना एरवीही. पण या दिवसांतला झटका बहुधा जास्त लांबतो, जास्त जोराचा असतो, गोळीने गेला तरी दुसऱ्या दिवशी परत फिरतो.

(दृश्य : फळ्यावर खडूने काढलेला आलेख.)

असं का होतं? ताईंच्याच शाळेतल्या फळ्यावर बघू. ही रेघ इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची. महिन्याच्या मध्यावर चढते, थोडी उतरते, पुन्हा चढते आणि गर्भ राहिला नाही की पाळीच्या आधीच्या दिवसांत सरळ खाली येते. ज्यांच्या मेंदूला मायग्रेनची सवय आहे, त्यांना ही उतरण झेपत नाही. त्याच वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात. पोटात कळा येतात त्या त्यांच्यामुळे. तीच रक्तातून फिरतात आणि डोकेदुखीलाही हातभार लावतात.

म्हणजे पोट आणि डोकं ही दोन वेगळी गिऱ्हाइकं नाहीत. मघाच्या घराण्यातली औषधं प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत, म्हणून पोटाच्या कळा आणि डोकं, दोन्हींवर पुष्कळदा एकाच औषधाने भागतं. औषधांच्या दुकानातून दोन पुड्या घेऊन निघालेल्या बाईला हे आधी कळायला हवं होतं.

आणि वेळ. दूध उतू गेल्यावर गॅस बंद करण्यात काय हशील? मायग्रेनमध्ये जठराचं काम मंदावतं, उशिरा घेतलेली गोळी पोटात नुसती पडून राहते, कधी उलटीतून बाहेर येते. डोकं धरायला लागल्या लागल्या घेतलेली गोळी लागू पडण्याची शक्यता जास्त. वर्ग संपवून, घरी जाऊन, स्वयंपाक आटपून मग घेऊ म्हटलं की ती वाया गेली. मळमळ फार असेल तर डॉक्टर सोबत डोमपेरिडोनसारखं औषध देतात.

(दृश्य : धंतोलीतल्या दवाखान्यांच्या पाट्या, एकावर एक.)

धंतोलीत पाट्यांना तोटा नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ की न्यूरोलॉजिस्ट, या घोळात वर्ष घालवू नका. दोघांपैकी कोणीही चालेल. सोबत तीन महिन्यांची पानं न्या, आणि डबाही न्या, आख्खा.

पाळी नियमित असेल तर कॅलेंडरचा खरा फायदा इथे होतो. दुखणं येण्याची तारीख आधी ठाऊक आहे, तर औषधही आधी सुरू करता येतं. डॉक्टर नेप्रोक्सेनसारखी गोळी पाळीच्या साधारण दोन दिवस आधीपासून पाच-सहा दिवस, दिवसातून दोनदा, जेवणानंतर घ्यायला सांगतात. किंवा लांब टिकणारं ट्रिप्टान, म्हणजे खास मायग्रेनसाठी बनवलेलं औषध, देतात. त्यातल्या फ्रोव्हाट्रिप्टानचं रक्तातलं प्रमाण जवळपास २६ तासांनी निम्मं होतं, म्हणून या कामासाठी त्याचं नाव निघतं. पाच-सहा दिवसांचा हा कोर्स आहे, महिनाभराचा रतीब नव्हे. पाळी मागेपुढे होत असेल, तर मात्र हा हिशेब जुळत नाही.

ट्रिप्टानांपैकी सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान ही आपल्याकडे नेहमीची. यांनी रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून हृदयविकार, पूर्वी पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेलं बीपी असेल तर ही वर्ज्य. सुमाट्रिप्टानची दुसरी गोळी दोन तासांच्या आत घ्यायची नाही. रिझाट्रिप्टानचं आणखी एक : मायग्रेन टाळायला प्रोप्रानोलॉल चालू असेल, तर रिझाट्रिप्टानची मात्रा कमी लागते. चालू असलेल्या गोळ्यांची नावं सांगायची ती यासाठी. आणि घरोघरी वर्षानुवर्षं चालत आलेली ती एर्गोटामिनची मिश्र गोळी, ती आणि ट्रिप्टान २४ तासांच्या आत एकामागोमाग घ्यायची नाहीत. दोन्ही रक्तवाहिन्या आवळतात.

(दृश्य : महालक्ष्म्यांची आरास, पुरणाचा घाट, भाज्यांचा ढीग.)

भाद्रपद. नागपुरात गौरी नाही म्हणत, महालक्ष्म्या. सोळा भाज्या निवडायला बसलेल्या या बायकांत निदान एकीने पाळी पुढे ढकलायची गोळी घेतलेली असेलच, असं त्याच हसून सांगतात. घरचे आणूनही देतात. चिठ्ठी कोण बघतं!

ही गोळी नोरेथिस्टेरॉनची. सहसा ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, पाळीच्या तीन दिवस आधीपासून. तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, आणि फळ्यावरची ती उतरण आठवा, मायग्रेन असणाऱ्यांचं डोकंही तेव्हा उठू शकतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अंधार करून पडलेली सून 'थकली' एवढंच घरात म्हटलं जातं. देवीला पाळी चालते की नाही, यात हा कॅमेरा पडणार नाही. गोळी घेण्याआधी डॉक्टरांना एक फोन करायला मात्र कोणत्याही शास्त्रात आडकाठी नाही.

डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा येत असतील, अर्धं दिसत नसेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. याला ऑरा म्हणतात. ऑरा असलेल्या बायकांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो.

(दृश्य : मे महिन्याची दुपार, सीताबर्डी. तोंडाला दुपट्टे गुंडाळलेल्या मुली.)

पारा ४५ च्या वर. ऊन, तहान, उपवास, तिन्हींनी मायग्रेन चाळवतं. शरीरात पाणी कमी असताना मघाची वेदनाशामकं घेतली तर मूत्रपिंडांवर ताण येतो, रिकाम्या पोटी घेतली तर जठराला. गुरुवारचा उपवास असेल तर आधी काहीतरी खा, पाणी प्या, मग गोळी.

मेफेनॅमिक ॲसिडबद्दल २०२३ च्या नोव्हेंबरअखेर इंडियन फार्माकोपिया कमिशन या सरकारी संस्थेने इशारा दिला होता : क्वचित कोणाला ताप, अंगभर पुरळ आणि आतल्या अवयवांना सूज अशी गंभीर रिॲक्शन येते. तसं काही दिसलं तर गोळी थांबवायची आणि डॉक्टर गाठायचे. दमा, अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे आधीच सांगायचं. दिवस राहिले असतील किंवा राहावेत अशी इच्छा असेल, तर यादी नव्याने बनते : एर्गोटामिन बाद, मायग्रेन टाळायला देतात ते व्हाल्प्रोएट बाद, आणि बाकीच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवूनच.

साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, ट्रिप्टान, एर्गोटामिन वा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं, तर गोळीच डोकं दुखवायला लागते.

(दृश्य : पुन्हा डबा. ताई गोळ्या वेगळ्या काढतायत.)

सासूबाईंच्या गोळ्या सासूबाईंच्या कपाटात गेल्या. नाव नसलेले तुकडे, सहा निघाले, कचऱ्यात. उरलेल्यांना ताईंनी रबर लावलं आणि वर कागदावर लिहिलं : कशाची, किती, केव्हा, आणि कशाबरोबर नाही. पुढच्या वेळी काउंटरवर आख्खी स्ट्रिप आणि बिल मागायचं ठरलंय. बिलावर नाव असतं.

(दृश्य : मेडिकल रुग्णालयाचं प्रवेशद्वार, रात्र.)

आयुष्यात कधी झालं नाही इतकं डोकं एका क्षणात फुटायला लागलं, बोलणं अडखळलं, हातापायातली ताकद गेली, ताप येऊन मान ताठली, तर ते पाळीचं समजून गोळी शोधत बसायचं नाही. मेडिकल किंवा मेयो, नागपूरच्या या सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल तिथली कॅज्युअल्टी. ती रात्रभर उघडी असते.